न सापडल्याचा दाखला

१

लिफाफा रजिस्टर्ड होता, चांगला जाड होता आणि त्यावर पंजाबातल्या तहसील कचेरीचा शिक्का होता. आतून निघाला मात्र चिनी भाषेतला कागद.

सुलक्खण सिंगने तो ईशर कौरच्या टेबलावर ठेवला आणि नुसता उभा राहिला. सव्वासहा फुटांचा गडी, कौलूनमध्ये एका सोनाराच्या दुकानाबाहेर बंदूक घेऊन रात्रपाळी करणारा, पण आज त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"बीबीजी, सरकारने माझी चेष्टा केली का?"

"सरकारला चेष्टा करता येत नाही, पुत्तर. त्याला डोकं लागतं," ईशर कौर म्हणाली आणि तिने चष्मा चढवला.

दर रविवारी लंगर उरकला की वान चायच्या टेकडीवरच्या गुरुद्वाऱ्यात, जोडे ठेवायच्या खोलीशेजारी, ईशर कौर आपलं टेबल मांडायची. हाँगकाँगमधल्या निम्म्या सरदारांचे अर्ज तिच्या हातचे. तिचा बाप पंजाबात पोलीस ठाण्यावर मुन्शी होता, त्यामुळे सरकारी कागद कुठून जन्माला येतो आणि कुठे जाऊन मरतो, हे तिला लहानपणापासून पाठ. लोक तोंडावर तिला बीबीजी म्हणत आणि पाठीमागे ठाणेदारीण. तिला दोन्ही माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर दुसरंच जास्त आवडत होतं.

सुलक्खणची अडचण तिला ठाऊक होती, कारण अर्ज तिनेच भरला होता. त्याची आई, बेबे प्रसिन्नी, सत्तरीची, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पाहुणी म्हणून पोराकडे आलेली. तिचा परवाना वीस जानेवारीला संपत होता. गावात आता तिचं कोणी म्हणून उरलं नव्हतं. मुलाला म्हाताऱ्या आईला इथे कायमचं ठेवून घेता येत होतं, पण ती आपलीच आई आहे हे दाखवणारा जन्माचा दाखला हवा होता. सुलक्खण जन्मला एकोणीसशे सदतीस साली, खेड्यात, दाईच्या हातावर. त्याचा मेहुणा, बायकोचा भाऊ, तिकडे तहसील कचेरीत महिनाभर खेटे घालत होता. शेवटी त्याची तार आली होती: कागद मिळाला, पाठवतो. त्या कागदात काय लिहिलंय, हे तारेत नव्हतं.

आणि आता कागदच नव्हता. एक्याऐंशी सालचा डिसेंबर अर्धा सरला होता.

ईशर कौरने लिफाफ्याची कड नखाने खरवडली. ती पुन्हा चिकटवलेली होती. खळ पांढुरकी, वाळलेली, आणि तीत कोंड्याचा एक कण.

"हा डिंक नाही," ती म्हणाली. "ही कणीक आहे. तुझा कागद सरकारने नाही, आपल्यातल्याच कोणीतरी खाल्लाय."

२

लिफाफा तीन हातांतून गेला होता. पोस्टमनने तो गुरुद्वाऱ्यात दिला, कारण कौलूनच्या चाळीसारख्या इमारतींत पत्रं हरवतात म्हणून सगळे सरदार इथलाच पत्ता देत. सेवादार मेहमा सिंगने सही करून घेतला. त्याच दुपारी अजायब सिंग फेरीबोटीने कौलूनला निघाला होता, त्याच्याकडे दिला. अजायबने तो सुलक्खणच्या घरी त्याच्या बायकोच्या, छिंदोच्या, हातात ठेवला. सुलक्खण तेव्हा रात्रपाळी करून झोपला होता. लिफाफा दोन दिवस गुरूंच्या तसबिरीमागे होता, कारण दिवस चांगला बघून उघडायचा असं बेबेने सांगितलं होतं.

मेहमा सिंगने कानावर हात ठेवले. त्याच्याकडे नोटिसा चिकटवायच्या डिंकाची बरणी होती, त्याला कणकेची गरज काय? शिवाय वीस वर्षांत एक पोस्टकार्डसुद्धा वाचलं नाही, असं तो शपथेवर म्हणाला. ईशर कौरने त्यातला पोस्टकार्डाचा भाग सोडून बाकी खरं मानलं.

अजायब सिंगचं प्रकरण जरा वेगळं होतं. सोनाराच्या दुकानातली ती नोकरी त्याला हवी होती आणि मिळाली सुलक्खणला. तेव्हापासून दोघांत विस्तव जात नव्हता.

"मग त्याचा लिफाफा पोचवायला कशाला गेलास?" ईशर कौरने विचारलं.

"बेबेसाठी. म्हातारी मला बोलावून बोलावून मक्याची रोटी खायला घालते. त्याचं तोंड बघायला जात नाही मी तिथे." मग तो म्हणाला, "आणि बीबीजी, मला चोरायचा असता तर मी फेरीवरून समुद्रात टाकला असता. परत चिकटवत कोण बसतंय?"

हे ईशर कौरला पटलं. तो आळशी होता, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

चिनी कागद तिने आपल्या घराखालच्या काढ्याच्या दुकानातल्या लाउबाईला दाखवला. लाउबाईने तो डोळ्यांजवळ नेला आणि हसायला लागली. सरकारी दवाखान्याची चिठ्ठी होती ती. थेंब दिवसातून तीनदा घालावेत, डोळे चोळू नयेत, आणि शस्त्रक्रियेचा नंबर एप्रिलमध्ये. खाली दवाखान्याचा लालभडक गोल शिक्का.

चोर घरातच होता.

त्याच संध्याकाळी ईशर कौरने आणखी एक काम केलं, आणि ते करताना तिला स्वतःचा अभिमान वाटला हे लपवण्यात अर्थ नाही. तिने तहसील कचेरीला दुसऱ्या दाखल्यासाठी कडक पत्र लिहिलं. मोठ्या रजिस्टरात नोंद नसेल तर ठाण्याच्या दप्तरात गावच्या चौकीदाराची वही बघा, असं तिने बजावलं. त्या काळी चौकीदारच घरोघर फिरून कुणाकडे जन्म झाला नि कुणाकडे मयत झाली ते वहीत उतरवून घ्यायचा आणि पंधरा दिवसांनी ठाण्यात आणून द्यायचा. बापाला अशा वह्या लिहून देताना तिने पाहिलं होतं. कोणत्या कपाटात, कोणत्या रंगाच्या फडक्यात शोधायचं, तेही तिने लिहिलं. आणि मधे कुणाचा हात लागायला नको म्हणून दाखला थेट हाँगकाँगच्या परवाना कचेरीतल्या साहेबाच्या नावे पाठवा, असं शेवटी ठळक अक्षरांत घातलं.

बाप असता तर त्याने पाठ थोपटली असती.

३

छिंदो दारातच रडत होती. दहा बाय बाराची खोली, मधे पडदा, पडद्याच्या एका बाजूला बेबेची खाट. सुलक्खणने दोन दिवस बायकोच्या हातचं अन्न घेतलं नव्हतं. तो बाहेर रस्त्यावर उभ्याउभ्या भाताची पेज पिऊन येत होता.

"सगळं जग म्हणतंय मीच केलं," छिंदो म्हणाली. "सासू नको झाली म्हणे मला."

"झाली आहे का?"

छिंदोने पडद्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "झाली आहे, बीबीजी. खोटं कशाला बोलू? खोकते, सारखी कुरकुरते, माझ्या स्वयंपाकात मीठ कमी म्हणते. पण म्हणून मी तिला त्या रिकाम्या घरात आंधळी पाठवून देईन? माझ्या आईला माझ्या भावजयीने तसंच ठेवलं होतं. ती चुलीजवळ पडली आणि दुसऱ्या दिवशी सापडली."

ईशर कौरने तिला वहीच्या कागदावर नाव लिहायला सांगितलं. छिंदोने गुरुमुखीत झोकदार अक्षरात लिहिलं. मग तिने इंग्रजी अक्षरंही काढून दाखवली, फॅक्टरीत शिकली होती.

"लिफाफा तुझ्या एकटीच्या हातात होता," ईशर कौर म्हणाली. "तुला कागद नाहीसा करायचा असता तर तू काय केलं असतंस?"

छिंदोने नाक पुसलं. "चुलीत घातला असता आणि म्हटलं असतं, अजायबने दिलाच नाही. सगळ्यांनी मानलं असतं."

अगदी तसंच. ईशर कौर खुर्चीवर मागे रेलली. पडद्याच्या फटीतून सुलक्खण झोपलेला दिसत होता, तोंड उघडं, दाढी बांधलेली. त्याच्या डाव्या नाकपुडीवर एक जुना बुजलेला ठिपका होता. भोकाचा.

एवढ्या दांडग्या सरदाराचं नाक लहानपणी कोणी टोचलं होतं?

४

सोमवारी दुपारी छिंदो फॅक्टरीत आणि सुलक्खण बंदुकीचा परवाना नवा करायला गेला होता. ईशर कौर खाटेच्या कडेला बसली.

"बेबे, कागद दे," ती म्हणाली.

प्रसिन्नी जपमाळ ओढत राहिली. "कसला कागद?"

"तू थेंबांची चिठ्ठी घालून ठेवलीस त्याच्या जागी जो होता तो. ऐक. ज्याला वाचता येतं तो सरकारी कागद काढून दवाखान्याचा घालणार नाही, कारण उघडल्या क्षणी कळणार. मेहमा वाचतो, अजायब वाचतो, छिंदो तर दोन लिप्या लिहिते. ज्याला वाटतं की शिक्का असला म्हणजे सगळे कागद सारखेच, त्यालाच हे सुचेल. तुला हल्ली दिसतं काय? लाल गोल तेवढा दिसतो. आणि या घरात कणीक तू मळतेस."

म्हातारीची माळ थांबली. ती भांडेल, रडेल, असं ईशर कौरला वाटलं होतं. तिने नुसती कुडत्याच्या आत हात घातला आणि घडी घातलेला कागद बाहेर काढला. पण दिला नाही.

"यात ते लिहिलंय ना?" तिने विचारलं.

"काय?"

"तू ठाण्याच्या मुन्शीची पोर. तुला कळलंच असेल. त्याचं नाक बघितलं असशील."

ईशर कौरला कळलं होतं. मग प्रसिन्नी बोलली, खाली आवाजात, जणू भिंतीपलीकडे कोणी कान लावून बसलंय. सुलक्खणच्या आधीचे चार मुलगे गेले होते. एक नऊ दिवसांचा, दोन वर्षाच्या आतले, एक चालायला लागलेला. पाचवा झाला तेव्हा सासूने त्याला सुपात घालून उकिरड्यावरून ओढला, नाक टोचलं आणि दाई बंतीला विकून टाकला. किंमत गुळाचा खडा. आमचा नाहीच तो, असं घराच्या दारात उभं राहून मोठ्याने सांगितलं, म्हणजे न्यायला येणाऱ्याने ऐकावं. चाळीस दिवस पोर बंतीच्या झोपडीत राहिलं. प्रसिन्नी अंधारात तोंड झाकून दूध पाजायला जायची, परक्या बाईसारखी. चौकीदार वही घेऊन आला तेव्हा बंतीचा नवरा घुल्ला पुढे झाला आणि म्हणाला, माझा मुलगा. सौदा खरा करायचा तर सरकारलाही तेच सांगायला हवं होतं.

"आणि पोराला ते कधी कळू द्यायचं नसतं," प्रसिन्नी म्हणाली. "सांगितलं की सौदा मोडतो. म्हणून काढला मी कागद. तू वाच, पण त्याला सांगू नको."

ईशर कौरने घडी उलगडली. तिने एकदा वाचलं, मग पुन्हा वाचलं. तहसील कचेरी कळवत होती की सदर गावाच्या सदर सालच्या रजिस्टरात शोध घेतला असता नोंद आढळून आली नाही, सबब हा दाखला देण्यात येत आहे.

बस, एवढंच. न सापडल्याचा दाखला. आणि इथली परवाना कचेरी असा दाखला चालवून घेत होती. त्याला गावच्या दोन म्हाताऱ्यांचं प्रतिज्ञापत्र जोडलं की आई ती आईच. तसे सतरा अर्ज ईशर कौरने स्वतः पार पाडले होते.

"बेबे," ती म्हणाली, "तू ज्याच्यापासून पोराला वाचवत होतीस तो कागद तुलाच ठेवून घ्यायला आला होता."

म्हातारीला ते समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि तिला हसू आवरेना. ईशर कौरही हसली. लाउबाईच्या दुकानापर्यंत ती हसतच आली.

जिन्याच्या पहिल्या पायरीवर तिला आपलं पत्र आठवलं, आणि त्यातली चौकीदाराची वही.

५

तिने त्याच तासाला तार केली: दुसरा अर्ज रद्द समजावा. दुसऱ्या दिवशी पुन्हा केली. सुलक्खणला तिने सांगितलं की कागद तसबिरीमागे भिंतीच्या फटीत सरकला होता, आणि ती चिठ्ठी म्हातारीने नीट राहावी म्हणून लिफाफ्यात ठेवली असणार. खोटं चांगलं जमलं. सुलक्खणने बायकोसमोर कान धरले, छिंदोने त्या दिवशी मुद्दाम मीठ जास्त घातलं, आणि दाखला प्रतिज्ञापत्रांसह कचेरीत दाखल झाला.

ईशर कौरला मात्र अन्न गोड लागेना. तिने आयुष्यभर त्या कचेऱ्यांना आळशी म्हणून शिव्या घातल्या होत्या. आता ती रोज अरदासीत त्यांचा आळस टिकावा म्हणून हात जोडत होती.

पण पत्र तिनेच लिहिलं होतं, आणि तिच्या पत्रांना लोक घाबरत. चौदा जानेवारीला परवाना कचेरीतून बोलावणं आलं. आई आणि मुलगा, दोघांनी यावं. दुभाषी म्हणून ईशर कौर.

६

साहेब तरुण होता, क्वोक नावाचा, आणि वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, असं ईशर कौरला नंतर वाटलं. त्याने टेबलावर दोन दाखले शेजारी शेजारी ठेवले. दुसऱ्यात लिहिलं होतं की चौकीदाराच्या वहीत नोंद मिळाली आहे, अर्जात लिहिलेला आषाढातला तोच दिवस, त्या महिन्यात गावात झालेला एकमेव मुलगा, बापाचं नाव घुल्ला, आई दाई बंती. सबब आधीचा दाखला रद्द.

"शोध कुठे घ्यायचा हे अर्जदारानेच कळवलं, असं त्यांनी लिहिलंय," क्वोक म्हणाला. "तुम्ही कळवलंत?"

"मी कळवलं," ईशर कौर म्हणाली.

तिने सगळं सांगितलं. सूप, उकिरडा, गूळ, नाक. क्वोकने मधे एकदाही अडवलं नाही. त्याच्या आजीनेही एका मुलाला कुत्र्याचं नाव ठेवलं होतं, असं तो म्हणाला. मग त्याने दुसऱ्या दाखल्यावर बोट ठेवलं. त्याचा विश्वास होता, पण त्याच्या विश्वासाला इथे रकाना नव्हता. नोंद दुरुस्त व्हायची तर पंजाबातल्या कोर्टात, आणि तिथे किती वर्षं लागतात हे ईशर कौरला त्याने सांगायची गरज नव्हती.

सुलक्खण इंग्रजी मोडकंतोडकं समजत होता. जेवढं समजलं तेवढं पुरेसं होतं. त्याचा हात आपोआप नाकाकडे गेला.

"मी दाईचा?" त्याने पंजाबीत विचारलं.

क्वोकने ड्रॉवर उघडून एक कोरा फॉर्म काढला. एकच वाट होती, तो म्हणाला. आईने इथेच, त्याच्यासमोर शपथेवर सांगावं की हा माझ्या पोटचा मुलगा आहे, खाली अंगठा द्यावा. तो ते मोठ्या साहेबाकडे नेईल. खात्री नाही, पण मोठा साहेब कधीकधी ऐकतो.

ईशर कौरच्या छातीत पहिल्यांदा थोडी हवा शिरली. तिने म्हातारीचा हात हातात घेतला आणि एकेक शब्द सावकाश सांगितला. "एवढंच म्हण, बेबे. माझा मुलगा आहे. बाकी मी लिहिते."

"सरकारच्या कागदावर?"

"हो."

"मोठ्याने?"

"साहेबाला ऐकू जाईल इतकं."

प्रसिन्नीने हात सोडवून घेतला. तिची पांढरी बुबुळं दोघांच्या मधे कुठेतरी लागली होती. "नाही," ती म्हणाली. "माझा नाही. बंतीचा आहे."

सुलक्खण खुर्चीवरून उठून तिच्या पायाशी बसला. एवढा मोठा माणूस, गुडघे टेबलाला अडखळले. त्याने पगडीचं टोक तिच्या मांडीवर ठेवलं. "बेबे, चव्वेचाळीस वर्षांचा आहे मी. आता कोण येतंय न्यायला? तू गेलीस तर तिथे तुला पाणी कोण देईल? एकदा म्हण. फक्त एकदा."

"त्या चौघांना मी माझं म्हटलं होतं, पुत्तर," म्हातारी म्हणाली.

तिने त्याच्या खांद्यावरून, पाठीवरून हात फिरवला, सावकाश, तो पुरता आहे ना हे बघितल्यासारखा. मग हात काढून आपल्या मांडीवर ठेवला. सुलक्खणचे खांदे हलत होते.

क्वोकने ईशर कौरकडे पाहिलं. त्याला पंजाबी येत नव्हतं. पेन उघडं होतं, फॉर्मवर तारीख घालून झाली होती. खोटं भाषांतर करावं असं तिच्या मनात येऊन गेलं, अगदी सबंध वाक्य तयार झालं. पण खाली अंगठा लागणार होता, आणि तो कोणाचा हात धरून लावता येण्यासारखा नव्हता.

"काय म्हणतात त्या?" साहेबाने विचारलं.

"नाही म्हणते," ईशर कौर म्हणाली, आणि त्याने तसं लिहून घेतलं.